लोगो छापायच्या आधी ट्रेडमार्क कसा तपासायचा: छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांसाठी पायरी पायरीने

नाशिकमध्ये चिवडा, मसाले, मनुके, धूप, तांब्याची भांडी, पैठणीचे ब्लाउज असं काही ना काही इन्स्टावर नाहीतर मार्केटप्लेसवर विकणारे आता भरपूर झालेत, आणि बहुतेकांचा क्रम एकच असतो. आधी नाव सुचतं, मग भाचा किंवा कॉलेज रोडवरचा कोणी डिझायनर लोगो करून देतो, मग स्टिकर, पाऊच, व्हॉट्सॲपचा डीपी, आणि माल जरा चालायला लागला की कोणीतरी म्हणतं "अगं ट्रेडमार्क करून घे ना", तेव्हा कुठे पहिल्यांदा सर्च होतो. हा क्रम पूर्ण उलटा आहे. स्टिकरचं एक वेळ ठीक आहे, पण प्रिंटेड पाऊचचे सिलेंडर (छपाईचे धातूचे रूळ) एकदा कोरले की नाव बदलणं म्हणजे सिलेंडर भंगारात आणि रोल गोडाऊनमध्ये पडून.

मी पॅकेजिंग डिझाइनचं काम करते, वकील नाही. खाली लिहिलंय ते वकिलाकडे जायच्या आधी स्वतः करायचं काम आहे, म्हणजे त्याची फी नेमक्या प्रश्नावर खर्च होते.

## सुरुवातीला एवढं डोक्यात ठेवा

एक, तुमचा लोगो दुसऱ्याच्या लोगोशेजारी ठेवून "बघा किती वेगळा आहे" म्हणणं ही तपासणीच नाही. कोर्ट तसं बघत नाही. गिऱ्हाइकाला दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी कधी मिळत नाहीत, त्याच्या डोक्यात अर्धवट आठवण असते आणि त्या आठवणीवर तो माल उचलतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या नावांच्या वादात हेच धरलं होतं, साधारण बुद्धीचा, नाव पुरतं न आठवणारा माणूस फसेल का, एवढंच बघायचं. पुढची सगळी तपासणी या एका प्रश्नाभोवती आहे.

दोन, समोरच्याचा ट्रेडमार्क रजिस्टर नाही म्हणून तुम्ही मोकळे, असं नाही. रजिस्टर असेल तर तो ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम २९ खाली उल्लंघनाचा दावा लावतो, नसेल आणि तो तुमच्या आधीपासून नाव कमावून बसलेला असेल तर 'पासिंग ऑफ'चा, म्हणजे तुम्ही आपला माल त्याचा म्हणून खपवताय असा, दावा लावतो. म्हणून सरकारी पोर्टलवर काही सापडलं नाही की काम संपलं असं समजू नका, पायरी ५ त्यासाठीच आहे.

तीन, जीएसटी नंबर, उद्यम सर्टिफिकेट, शॉप ॲक्ट, फूड लायसन्स, डोमेन, इन्स्टाचं हँडल, यातल्या कशानेही नावावर ट्रेडमार्कचा हक्क मिळत नाही. "माझं नाव उद्यमवर आहे ना" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता लोगोची फाइल उघडायच्या आधीच सांगून टाकते.

## पायरी १: टेबलावर काय काय घेऊन बसायचं

एक साधी वही किंवा एक्सेल शीट घ्या. त्यात लिहा:

- ठरवलेलं नाव, आणि त्याखाली अजून दोन पर्यायी नावं. एकच नाव घेऊन सर्चला बसलं की माणूस त्या नावाच्या प्रेमात असतो आणि समोर दिसणाऱ्या अडचणी त्याला दिसत नाहीत.
- त्या नावाची इंग्रजीत होतील तेवढी सगळी स्पेलिंग.
- आज काय विकता आणि येत्या दोन-तीन वर्षांत काय विकायचा विचार आहे.
- धंदा आधीच चालू असेल तर त्या नावाने केलेलं सगळ्यात जुनं बिल, कुरिअरची पावती, प्रिंटरचं बिल, पहिल्या पोस्टचा स्क्रीनशॉट. हे शोधून एका फोल्डरमध्ये टाका, पुढे दोन-तीन ठिकाणी लागणार आहे.

सावधान: हे होईपर्यंत डिझायनरला लोगोचं काम देऊ नका. दिलं असेल तर थांबायला सांगा, फायनल फाइल मागू नका.

## पायरी २: सर्च करायच्या आधी नाव स्वतःच चाळून घ्या

काही नावं सर्चपर्यंत न्यायचीच नसतात.

महाराजांचं नाव किंवा चित्र. आपल्याकडे हे फार होतं, जिरेटोप, राजमुद्रा, घोड्यावरची आकृती, आणि खाली 'मसाले'. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र हे १९५० च्या एम्ब्लेम्स अँड नेम्स कायद्याच्या यादीत आहे, म्हणजे व्यापारासाठी किंवा ट्रेडमार्क म्हणून केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही. महात्मा गांधींचंही तसंच. भावना कितीही चांगली असो, लोगोत नको. अशोकचक्र, भारत सरकारच्या राजमुद्रेचे सिंह, हेही नकोत. आणि आयुर्वेदिक मलमावर लाल क्रॉस टाकणारे अजून दिसतात, तो पण वेगळ्या कायद्याने बंद आहे.

जीआय असलेली नावं. पैठणी, नाशिकची द्राक्षं, नाशिक व्हॅली वाइन, लासलगावचा कांदा, या सगळ्यांना भौगोलिक उपदर्शन म्हणजे जीआय मिळालेलं आहे, ते नाव त्या भागातल्या खऱ्या मालापुरतंच राखलेलं असतं. खरी येवल्याची हातमागाची पैठणी विकत असाल तर वर्णनात तसं लिहायला हरकत नाही, पण 'पैठणी' हा शब्द स्वतःच्या मालकीचा ब्रँड म्हणून रजिस्टर होणार नाही. आणि बाहेरून आणलेली पॉवरलूमची साडी 'येवला पैठणी' म्हणून विकली तर तो जीआय कायद्याखाली थेट उल्लंघनाचा मामला होतो, ट्रेडमार्क बाजूलाच राहिला.

देवाची नावं. सप्तशृंगी, काळाराम, त्र्यंबकराज, निम्म्या धूप-अगरबत्तीच्या पाकिटांवर यातलंच काहीतरी असतं. इथे धोका वेगळ्या प्रकारचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अगरबत्तीच्याच प्रकरणात सांगितलं की 'रामायण' या धर्मग्रंथाच्या नावावर एकट्याला मक्तेदारी सांगता येणार नाही. म्हणजे अशा नावावरून तुम्हाला कोणी सहज अडवू शकणार नाही, पण उद्या शेजारच्या गल्लीत कोणी तेच नाव घेतलं तर तुम्हीही त्याला अडवू शकणार नाही. पुढे काहीतरी वेगळा शब्द जोडलात आणि तो शब्दच लोगोत ठळक असेल तर गोष्ट वेगळी. मात्र तो जोडलेला शब्द आणि एकूण मांडणी आधीच कोणी रजिस्टर केलेली असू शकते, त्यामुळे सर्च तरीही करायचाच.

नुसती वर्णनं. 'नाशिक चिवडा', 'शुद्ध घरगुती मसाले', 'ताजे मनुके'. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली आक्षेप येतो कारण हे शब्द सगळ्यांचे आहेत. उल्लंघनाचा धोका कमी, संरक्षण जवळपास शून्य.

स्वतःचं आडनाव. "माझंच आडनाव आहे, मला कोण अडवणार?" असं विचारतात. कलम ३५ प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरणाऱ्याला संरक्षण देतं हे खरं, पण त्याच आडनावाचा मोठा ब्रँड त्याच मालात आधीपासून असेल आणि तुम्ही तसाच रंग, तशीच अक्षरं घेतलीत तर 'प्रामाणिक' हा शब्द टिकवणं अवघड जातं.

## पायरी ३: क्लास ठरवा

सगळा माल आणि सेवा ४५ क्लासमध्ये विभागलेल्या आहेत, १ ते ३४ माल, ३५ ते ४५ सेवा. आपल्याकडच्या विक्रेत्यांना लागतात ते साधारण असे: चिवडा, मसाले, पापड, मध, गूळ, चहा हे ३०. मनुके, लोणचं, खाद्यतेल २९. ताजी द्राक्षं ३१. धूप, अगरबत्ती, साबण, उटणं ३. घरातली भांडी २१. कापड २४, कपडे आणि साड्या २५. इमिटेशन ज्वेलरी १४. दुसऱ्यांचा माल आपल्या दुकानातून किंवा साइटवरून विकणं ३५.

गंमत म्हणजे बटाट्याचे वेफर्स २९ मध्ये जातात आणि पोह्यांचा चिवडा ३० मध्ये, आणि विकणारा दोन्ही एकाच टोपलीत ठेवतो. म्हणून सर्च करताना फक्त स्वतःच्या क्लासमध्ये करू नका, लागून असलेले क्लास पण बघा. 'ग्लुकोविटा' आणि 'ग्लुविटा'च्या जुन्या प्रकरणात एकाची ग्लुकोज पावडर होती आणि दुसऱ्याची बिस्किटं, तरी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ग्राहकाला दोन्ही एकाच घरचे वाटू शकतात.

सावधान: खूप नावाजलेल्या ब्रँडला क्लासची भिंतच नसते. कलम २९ (४) प्रमाणे भारतात प्रतिष्ठा असलेल्या मार्कसारखा मार्क तुम्ही अगदी वेगळ्या मालावर वापरलात आणि त्याचा गैरफायदा घेतलात तरी उल्लंघन होतं. मोबाइल कंपनीच्या नावाचा पापड, मोटारीच्या नावाचा साबण, असले विनोदी प्रयोग इन्स्टावर चालतात तोपर्यंत चालतात.

## पायरी ४: सरकारी पोर्टलवर सर्च

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून जरा निवांत बसा, चहा घेऊन.

केंद्र सरकारच्या ट्रेडमार्क खात्याच्या साइटवर पब्लिक सर्च आहे, फुकट. तिथे तीन प्रकार असतात: वर्डमार्क (लिहिलेला शब्द), फोनेटिक (उच्चार) आणि व्हिएन्ना कोड (चित्र, ते पायरी ६ मध्ये). बहुतेक जण वर्डमार्कमध्ये आपलं अख्खं नाव आपल्या स्पेलिंगने टाकतात, काही येत नाही, स्क्रीनशॉट काढतात आणि "क्लिअर आहे" म्हणून प्रिंटरला फोन करतात.

असं करा. समजा नाव ठरलंय 'गोदाई', मसाल्यासाठी (नाव नुसतं उदाहरणाला घेतलंय, कोणाचं असेल तर ते सर्चमध्ये दिसेलच). क्लास ३० निवडा.

१. वर्डमार्कमध्ये 'कंटेन्स' हा पर्याय घेऊन पूर्ण नाव टाका. मग स्पेलिंग बदलून परत: शेवटी एकच आय, दोन ए, वाय घालून, डीनंतर एच घालून. मराठी नाव इंग्रजीत लिहिताना प्रत्येक जण वेगळं लिहितो, आणि ज्याने आधी अर्ज केलाय त्याने तुमच्या मनातलं स्पेलिंग वापरलेलं असेलच असं नाही.

२. 'स्टार्ट विथ' घेऊन नुसतं 'गोदा' टाका. आता गोदावरी, गोदाकाठ, गोदामाई अशी रांग येईल. सगळी तुमच्या अडचणीची नाहीत, पण ऐकायला जवळची असतील ती वहीत उतरवा.

३. फोनेटिक सर्च करा. उच्चार सारखा आणि लिखाण वेगळं असलेली नावं यात सापडतात. ही पायरी अजिबात सोडू नका, कारण कलम २९ (९) प्रमाणे शब्दांचा मार्क असेल तर तो नुसता बोलण्यातून वापरला तरी उल्लंघन होऊ शकतं. तुमची रील, तुमचं लाइव्ह, फोनवरची ऑर्डर, सगळं त्यात आलं.

४. नावाचा अर्थ इंग्रजीत किंवा हिंदीत काय होतो तोही टाकून बघा.

५. हेच २९ आणि ३५ मध्ये परत करा. कंटाळा येतो, पण सर्च एका वेळी एकाच क्लासमध्ये होतो.

आता जी नावं उतरवली त्या प्रत्येकाचं स्टेटस उघडून बघायचं. इथे लोक फार घाईने निष्कर्ष काढतात.

'रजिस्टर्ड' असेल तर मुदत कधीपर्यंत आहे ते बघा, रजिस्ट्रेशन १० वर्षांचं असतं. 'ऑब्जेक्टेड' म्हणजे खात्याने प्रश्न विचारलेत, अर्ज जिवंत आहे. 'अपोज्ड' म्हणजे तिसऱ्याच कोणीतरी विरोध केलाय आणि तिथे दोन्ही बाजू जाग्या आहेत, म्हणजे तुम्ही मध्ये घुसलात तर दोघांच्याही नजरेत येणार. 'रिमूव्ह्ड' म्हणजे नूतनीकरण केलं नाही, पण मुदत संपल्यावर वर्षभराच्या आत तो परत चालू करून घेण्याची सोय कायद्यात आहे, तेव्हा तारीख बघा. आणि 'अबँडन्ड', 'रिफ्यूज्ड', 'विड्रॉन' बघून आनंदून जाऊ नका. मेलाय तो अर्ज. तो माणूस त्या नावाने अजून जोरात धंदा करत असू शकतो.

एक गोष्ट फार कमी जण करतात आणि मला ती सर्वात उपयोगी वाटते. तुमच्यासारख्या नावाचा अर्ज नाकारलेला किंवा आक्षेप घेतलेला दिसला तर त्याचा एक्झामिनेशन रिपोर्ट उघडा, तो सगळ्यांना बघता येतो. त्यात खात्याने कोणकोणते जुने मार्क आडवे दाखवलेत त्यांची यादी असते. तुम्ही अर्ज केलात तर साधारण तीच यादी तुमच्यासमोर येणार. म्हणजे दुसऱ्याच्या खर्चाने तुमची तपासणी झाली.

शिवाय प्रत्येक अर्जात 'वापर कधीपासून' ही तारीख असते, किंवा 'पुढे वापरणार' असं लिहिलेलं असतं. ही तारीख वहीत लिहाच. तुम्ही त्याच्याही आधीपासून आणि त्याच्या रजिस्ट्रेशनच्याही आधीपासून ते नाव सलग वापरत असाल आणि बिलं असतील तर कलम ३४ तुमच्या बाजूने आहे. ते पहिलं बिल म्हणूनच जपायला सांगितलं.

तपासा: सर्चच्या प्रत्येक पानाची तारखेसकट पीडीएफ सेव्ह केली का? उद्या "मुद्दाम कॉपी केलं" असा आरोप झाला तर तुम्ही आधी शोध घेतला होता हे दाखवायला तेवढंच हातात असतं.

## पायरी ५: बाजारात शोधा

गूगल, इन्स्टा, फेसबुक, दोन-तीन मोठी मार्केटप्लेस, आणि गूगल मॅप. मॅप विसरू नका, सिन्नर किंवा संगमनेरचा वीस वर्षं जुना मसालेवाला इन्स्टावर नसतो पण मॅपवर त्याच्या दुकानाच्या पाटीचा फोटो असतो. तो उद्या पासिंग ऑफ म्हणू शकतो. देवनागरीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे शोधा, डोमेन कोणी घेतलंय का बघा. रविवार कारंजा, मेन रोडच्या होलसेल दुकानांत एक चक्कर टाकून रॅकवरची पाकिटं बघून घेतलीत तर अजून चांगलं.

## पायरी ६: आता चित्र

नाव पास झालं की मगच लोगो. डिझायनरला सांगताना "अमुक ब्रँडसारखा कर" हे वाक्य व्हॉट्सॲपवर लिहू नका. सारखा करणं चूक आहेच, वर तुम्ही स्वतः त्याचा पुरावा तयार करून ठेवता.

चित्राच्या बाबतीत लोकांचा लाडका समज म्हणजे "दहा फरक केले की झालं", कोणी सात म्हणतं, कोणी तीस टक्के म्हणतं. असा कुठलाही आकडा कायद्यात नाही. पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या प्रकरणात १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर दोन रॅपर होते. एकावर शेताच्या अंगणात पाण्याची बादली घेतलेली मुलगी, गाई-कोंबड्या. दुसऱ्यावरही मुलगी, पण डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा, मागे गाई-कोंबड्या. फरक मोजायला बसलं तर भरपूर निघतात. कोर्टाने म्हटलं फरक मोजायचेच नाहीत, एकूण ठसा बघायचा, आकार, रंगसंगती, मांडणी जवळपास तीच आहे, आणि निकाल पार्लेच्या बाजूने गेला.

नाव आणि चित्र दोन्ही एकदम जवळ गेलं की काय होतं ते दिल्लीत दिसलं. 'सरदारबख्श' नावाची कॉफी, गोल लोगो, आत पगडीवाला चेहरा. स्टारबक्सने दावा लावला, २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण चाललं आणि शेवटी नाव 'सरदारजी-बख्श' करावं लागलं. ऐकायला मजेशीर, पण पाट्या, कप, मेनू सगळं परत छापायचा खर्च मजेशीर नसतो.

चित्राची तपासणी अशी करा:

- ड्राफ्ट लोगो गूगल लेन्समध्ये टाका. रंगीत एकदा, काळा-पांढरा एकदा, आणि नाव पुसून नुसतं चित्र एकदा.
- व्हिएन्ना कोडने पोर्टलवर शोधा. यात चित्रांचे गट पाडलेत, माणसं २ मध्ये, प्राणी ३ मध्ये, झाडं-पानं-फळं ५ मध्ये, आणि त्याखाली पोटगट. द्राक्षाचा घड काढला असेल तर पाचच्या पोटगटात तुमच्या क्लासचे मार्क चाळा. नाशिकचा माणूस म्हटला की द्राक्षाचा घड ठरलेला, त्यामुळे नुसता घड असेल तर तुमचा लोगो कोणाच्या लक्षातही राहणार नाही हा वेगळाच मुद्दा.
- लोगो अंगठ्याच्या नखाएवढा करून मोबाइलवर घरातल्या कोणाला तरी दोन सेकंद दाखवा, मग मोबाइल उलटा ठेवा आणि विचारा कशासारखा वाटला. त्यांनी पट्कन एखाद्या ब्रँडचं नाव घेतलं तर परत कामाला लागा. त्यांना आधी काही सांगू नका, सांगितलं की ते तुमच्या मनासारखं बोलतात.

सावधान: कार्टूनमधली पात्रं, क्रिकेट टीमची चिन्हं, सिनेमातल्या हिरोचा चेहरा यांना थोडा बदल करून लोगोत घेणं पूर्ण टाळा. तिथे ट्रेडमार्कसोबत कॉपीराइट आणि त्या व्यक्तीचे हक्क असे आणखी दावे येतात.

## पायरी ७: हा लोगो नक्की तुमचा आहे का

पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला असं सगळ्यांना वाटतं. फ्रीलान्स डिझायनर तुमचा नोकर नसतो, त्यामुळे लेखी करार नसेल तर चित्राचा कॉपीराइट सर्वसाधारणपणे त्याच्याकडेच राहतो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं, आणि गंमत अशी की कागदात मुदत लिहिली नाही तर ते फक्त ५ वर्षांचं धरलं जातं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. म्हणून कागदावर स्पष्ट लिहून घ्या: लोगोचं वर्णन आणि चित्र, मोबदला, 'कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी', 'संपूर्ण जगासाठी', आणि 'हे काम माझं स्वतःचं आहे, कुठून उचललेलं नाही'. भाच्याने फुकट करून दिला असेल तरी. भाच्याकडून सही घ्यायला संकोच वाटतो, मान्य, पण आत्ता नात्यात गोडी आहे तोवर दोन मिनिटांचं काम आहे.

कॅनव्हावर केला असेल तर तिथले तयार टेम्पलेट आणि स्टॉक चित्रं ट्रेडमार्क म्हणून वापरायला त्यांच्या अटी परवानगी देत नाहीत. तेच पान, तीच चूल, तोच नथीचा आकार हजारो जण वापरत असतात. फॉन्ट आणि साध्या रेषा-आकार चालतात, बाकी चित्र स्वतः काढून घ्या. फॉन्टचं लायसन्सही बघा, 'फक्त खाजगी वापरासाठी' असलेले देवनागरी फॉन्ट सर्रास पाकिटांवर दिसतात.

तपासा: ओपन फाइल (बदल करता येतील अशी मूळ फाइल), डिझायनरचं बिल, सही केलेला कागद, तिन्ही एका जागी आहेत?

## पायरी ८: अर्ज

फॉर्म टीएम-ए, ऑनलाइन. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असाल तर एका क्लासला ₹४,५००, बाकीच्यांना ₹९,०००. भागीदारी फर्म असेल तर कमी फीसाठी उद्यम सर्टिफिकेट जोडा. महाराष्ट्राचे अर्ज मुंबई ऑफिसकडे जातात, पण नाशिकहून तिकडे जायची गरज पडत नाही.

बजेट एकाच अर्जाचं असेल तर माझं मत, नाव वेगळं असेल तर आधी नुसत्या शब्दाचा अर्ज करा, चित्राचा नंतर. लोगो दर दोन-चार वर्षांनी बदलतो, नाव राहतं. लोगोचा करत असाल तर काळ्या-पांढऱ्यात करा, रंगाची मर्यादा घातली नाही तर तो सगळ्या रंगांसाठी धरला जातो.

वापराची तारीख खोटी टाकू नका. जुन्या वापराचा दावा केला की प्रतिज्ञापत्र आणि पुरावे द्यावे लागतात. काही एजंट "टाकून देऊ दोन वर्षं मागची" म्हणतात, अशा एजंटला नमस्कार करून निघा.

अर्जाचा नंबर आला म्हणजे ट्रेडमार्क मिळाला नाही. त्यानंतर तपासणी होते, रिपोर्ट आला की उत्तराला ३० दिवस, मग ट्रेडमार्क खात्याच्या जर्नलमध्ये प्रसिद्धी, तिथून ४ महिने कोणीही विरोध करू शकतं, विरोधाची प्रत मिळाल्यावर २ महिन्यांत तुमचं उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात. खात्याचे याबद्दलचे मेल स्पॅममध्ये जातात. अर्जावर एजंटचा मेल असेल तर अधूनमधून स्वतः पोर्टलवर स्टेटस बघत चला.

सावधान: तोपर्यंत नावापुढे छोटं 'टीएम' लावू शकता. वर्तुळातला 'आर' मात्र रजिस्ट्रेशन झाल्यावरच. आधी लावायला ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०७ ची मनाई आहे, त्यासाठी दंड बसू शकतो, आणि डिझायनर लोक तो 'छान दिसतो' म्हणून लावून देतात.

## पायरी ९: छपाई हळूहळू

अर्ज झाला तरी पहिल्या खेपेला साधे पाऊच घ्या आणि त्यावर डिजिटल प्रिंटचे स्टिकर लावा. नगाला महाग पडतात, पण थोडे छापता येतात. तपासणीचा रिपोर्ट आला, त्यात फार गंभीर काही नाही असं दिसलं, की मग सिलेंडरचा विचार करा.

## पायरी १०: एवढं करूनही नोटीस आली तर

नोटीस वकिलाकडून पोस्टाने किंवा मेलवर येते, किंवा मार्केटप्लेसकडून लिस्टिंग बंद झाल्याचा मेल येतो. दोन्हीकडे क्रम साधारण सारखाच.

आधी छपाई थांबवा. मग नोटिशीतला रजिस्ट्रेशन नंबर पोर्टलवर टाकून बघा: खरंच त्यांच्याच नावावर आहे का, कुठल्या क्लासमध्ये, जिवंत आहे का, वापराची तारीख तुमच्या आधीची की नंतरची. कधी कधी नोटिशीत नुसता अर्जाचा नंबर असतो, रजिस्ट्रेशन झालेलंच नसतं. म्हणून नोटीस फेकून देऊ नका, पण घाबरून पहिल्याच दिवशी सगळं मान्यही करू नका.

या काळात करू नये अशा गोष्टी: नोटिशीचा फोटो स्टोरीला टाकून "मोठी कंपनी मराठी माणसाला त्रास देतेय" लिहिणं. कंपनीच्या वकिलाला फोन करून रडणं किंवा भांडणं. "आम्हाला माहीतच नव्हतं, तुमच्यावरून सुचलं" असा मेल पाठवणं, या एका वाक्यात तुम्ही हेतू कबूल केलेला असतो. जुन्या पोस्ट डिलीट करणं, कारण त्यातच तुमच्या पहिल्या वापराचा पुरावा असतो.

मग फोल्डर, सर्चच्या पीडीएफ, डिझायनरचा कागद घेऊन ट्रेडमार्कचं काम करणाऱ्या वकिलाकडे जा आणि नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत उत्तर जाऊ द्या. गप्प बसलात तर समोरचा कोर्टात जाऊन तुमचं म्हणणं ऐकण्याआधीच तात्पुरता मनाई हुकूम मागू शकतो, माल आणि लेबलं जप्त करायला कोर्टाचा कमिशनर दारात येऊ शकतो. शिवाय कलम १३४ मुळे तो अनेकदा आपलं ऑफिस असेल त्या शहरात दावा लावतो, म्हणजे तारखेला तुम्ही दिल्लीला.

मार्केटप्लेसच्या बाबतीत त्यांच्या फॉर्ममध्येच उत्तर द्या, भावनिक काही नको, तुमचा अर्ज क्रमांक, पहिलं बिल, फरकाचे मुद्दे. बंद झालेली लिस्टिंग नवीन अकाउंटवरून परत टाकायचा शहाणपणा करू नका, तेही अकाउंट जातं.

नाव बदलायचंच ठरलं तर तडजोडीत तीन गोष्टी लेखी मागून घ्या: शिल्लक पाकिटं संपवायला मुदत, मागच्या विक्रीचे पैसे मागणार नाही असं वाक्य, आणि नवीन नाव व लोगोला त्यांची हरकत नाही असं वाक्य. तिसरं बहुतेक जण मागायचं विसरतात. आणि नवीन नाव घेताना जुन्याचं एक अक्षर बदलून काम भागवू नका, परत पायरी २ पासून सुरू करा. नवीन पाकिटाच्या फाइलमध्ये समोरची बाजू बदलली जाते आणि मागचा कस्टमर केअरचा मेल, क्यूआर कोड आणि बॉक्सच्या टेपवरचं नाव जुनंच राहतं, तेवढं प्रूफ पास करताना बोट ठेवून वाचा.